डिप्लोमानंतरचं ॲप्रेंटिसशिपचं वर्ष: चाकणला निघण्याआधी आणि पोचल्यावर

डिप्लोमाचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघर दोनच विषय निघतात: डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घ्यायचा, की नोकरी बघायची. यांच्यामधला एक रस्ता आहे, वर्षभराची ॲप्रेंटिसशिप. त्याबद्दल नीट सांगणारं माणूस मला वेळेवर भेटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी उदगीरकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ऑगस्ट २०२४ मध्ये चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत रुजू झाले. पहिले साडेतीन महिने मी पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना लेबलं चिकटवली. पुढचे साडेआठ महिने मी जे शिकले, ते तीन वर्षांच्या डिप्लोमात हाताला लागलं नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये काय घडलं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. कंपनीत शिकणं आपोआप होत नाही, ते मागून घ्यावं लागतं. आणि ते मागायचा हक्क तुम्हाला कायद्यानं दिलेला आहे.

पायरी पहिली: ही खरी ॲप्रेंटिसशिप आहे का, ते ओळखा

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात ‘ट्रेनी’ हा शब्द कशालाही लावतात. ठेकेदाराच्या माणसाला ट्रेनी म्हणतात, सहा महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात त्यालाही ट्रेनीच म्हणतात. आपल्याला हवी आहे ती १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखालची ॲप्रेंटिसशिप. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी ती ‘नॅट्स’ या केंद्राच्या योजनेतून चालते. योजना शिक्षण मंत्रालयाची आहे आणि आपल्या भागाचं काम मुंबईत सायनला असलेलं ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं. आयटीआयवाल्यांची योजना वेगळी, ती ‘नॅप्स’. दोन्हींची पोर्टलं वेगळी आहेत. माझ्या वर्गातल्या एकाने चुकीच्या पोर्टलवर नाव नोंदवलं आणि दोन महिने कंपनीकडून निरोपाची वाट बघत बसला.

ओळखायची खूण सोपी आहे: पोर्टलवर तुमच्या नावाचा करार तयार झाला, तरच ती ॲप्रेंटिसशिप. कंपनीच्या लेटरहेडवर कितीही छान पत्र दिलेलं असलं आणि पोर्टलवर करार नसला, तर वर्षअखेर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळत नाही. ‘आधी रुजू व्हा, करार नंतर करू’ असं म्हणाले तर किती दिवसांत करणार ते विचारा आणि तारीख लिहून घ्या.

ज्या आस्थापनेत तीस किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे: एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे तुम्हाला घेऊन कुणी तुमच्यावर उपकार करत नाही. म्हणूनच मधल्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. नोंदणीला पैसे लागत नाहीत, निवडीलाही लागत नाहीत.

पायरी दुसरी: बँक खातं आणि कागद

ही पायरी घरून निघायच्या आधी पूर्ण करा, कारण चाकणला आल्यावर गावच्या बँकेत जायला रजा टाकावी लागते.

२०१९ च्या नियमांप्रमाणे पदविकाधारकाला महिना किमान ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये स्टायपेंड ठरला. किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार उचलतं. आकडे बदलत असतात, त्यामुळे करार करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू आकडा बघा. कंपनी किमानपेक्षा जास्त देऊ शकते, बऱ्याच देतातही. जुलै २०२४ मध्ये नॅट्सचं नवं पोर्टल आलं, तेव्हापासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. खरी गोम इथेच आहे. हे पैसे तुम्ही कंपनीला दिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ज्या खात्याला तुमचं आधार शेवटचं जोडलेलं आहे, त्या खात्यात ते जातात. महाडीबीटीची शिष्यवृत्ती घेतलेल्यांना हा प्रकार माहीत असेल. माझं आधार अकरावीत उघडलेल्या एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं, ज्याचं एटीएम कार्ड कधीच संपलं होतं. पैसे तिथे जमा होत राहिले आणि मी इकडे मैत्रिणीकडून उसने घेत राहिले.

तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर जाऊन ‘बँक सीडिंग’ कुठल्या बँकेला आहे ते बघा. बँकेत जाऊन नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीडिंग करणं वेगळं. त्याचा फॉर्मही वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट बघा: आधार, दहावीची गुणपत्रिका आणि डिप्लोमाची गुणपत्रिका, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? प्रमाणपत्रावर पोर्टलवरचंच नाव छापून येतं. बाकी पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि फिटनेसचा दाखला एवढं बरोबर असलं की काम होतं.

पायरी तिसरी: करार सही करण्याआधी वाचा

मी वाचला नव्हता. मोबाईलवर ओटीपी आला, टाकला, झालं. पुढे त्याच करारानं मला वाचवलं, म्हणून कळकळीनं सांगते, वाचा. आणि त्याच्याबरोबर कायद्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

कलम १८ म्हणतं की ॲप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. त्यामुळे तुमचा पीएफ कापला जात नाही आणि कामगारांचे बरेचसे हक्क तुम्हाला लागू होत नाहीत. दुसरीकडे कलम ११ प्रमाणे तुम्हाला शिकवणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १५ प्रमाणे ॲप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही. त्यासाठी ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि तीसुद्धा शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. कलम १६ प्रमाणे शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. आणि कलम २२ प्रमाणे, करारात तशी अट नसेल तर, वर्ष संपल्यावर तुम्हाला नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. हे शेवटचं वाक्य आई-वडिलांनाही आधीच समजावून सांगा. ‘वर्षानंतर पर्मनंट होणार’ या आशेवर घरात बेत आखले जातात आणि मग सगळ्यांच्याच जिवाला लागतं.

पायरी चौथी: खोली, मेस, बस

आधी कंपनीत फोन करून विचारा की कंपनीची बस कुठून सुटते आणि कुठल्या थांब्यावर थांबते. मग त्या थांब्याजवळ खोली शोधा. सगळे याच्या उलट करतात. मी स्वस्त खोली बघितली आणि पहिल्या शिफ्टची बस पकडायला रोज पहाटे अर्धा तास चालत गेले. तळेगाव चौकातली कोंडी ज्यानं पाहिली आहे, तो स्वतःच्या गाडीच्या भरवशावर वेळेत पंचिंग करायचं धाडस करत नाही.

आम्ही तिघी एका खोलीत, दरडोई २,२०० भाडं. एका वेळचं जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नाममात्र पैशांत व्हायचं, दुसऱ्या वेळची मेस. पहिल्या महिन्याचा स्टायपेंड हातात पडेपर्यंत साधारण दीड महिना जातो, तेवढ्या खर्चाची तजवीज घरून करून या.

एक सोय मात्र छान आहे. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बँक, पोस्ट, तहसील, कॉलेज सगळं त्या दिवशी उघडं असतं. कागदपत्रांची सगळी कामं गुरुवारी ठेवा, रजा वाचतात.

पायरी पाचवी: पहिला आठवडा

सेफ्टी शूज पायात बरोबर बसतात का ते बघून घ्या, आठ तास उभं राहायचं असतं. पहिल्या चार दिवसांत पाय इतके दुखले की मी रात्री बादलीत कोमट पाणी घेऊन बसायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते कमी होतं. केस टोपीत, ओढणी नाही, बांगड्या-अंगठ्या नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, ती रचना तुमची बोटं वाचवण्यासाठी असते. एखाद्या मशीनवर एक बटण चिंधीनं बांधून ठेवलेलं दिसलं, तर त्या मशीनवर उभ्या राहू नका. कुणीही सांगितलं तरी नाही. सुपरवायझरला सांगा, त्यानं ऐकलं नाही तर सेफ्टी ऑफिसरला सांगा.

मुलींनी आणखी एक चौकशी करावी: अंतर्गत समितीचा फलक कुठे लावलाय? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ॲप्रेंटिसनाही लागू आहे. मला कधी गरज पडली नाही, पण फलकावरची नावं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती आणि त्यानं मनाला बरं वाटायचं.

माणसांची नावं पाठ करा. साहेबांच्या आधी लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरांची. ‘काका, हे असं का?’ एवढं विचारलं की वीस वर्षांचा अनुभव मोकळा होतो. तो कुठल्याही ट्रेनिंगच्या पीपीटीत नसतो.

पायरी सहावी: वही

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज शिफ्ट संपल्यावर बसमध्ये दहा ओळी लिहा. आज कुठल्या मशीनवर होते, काय बनत होतं, काय बिघडलं, कुणी कसं दुरुस्त केलं, मला काय कळलं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मी पॅकिंगला असतानाही लिहायचे. ‘आज तीन खोकी परत आली. आतला व्हीसीआय कागद नीट गुंडाळला नव्हता, भागांना गंज. हा कागद गंज कसा थांबवतो?’ मग गुरुवारी ते शोधायचं: त्या कागदातून निघणारी वाफ धातूवर बसते आणि गंज रोखते, म्हणून पिशवी घट्ट बंद करायची असते. लेबल चिकटवायच्या कामातही एवढं शिकायला होतं, हे मला वहीमुळे दिसलं.

वहीत भागांचे नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंगवरची मापं जशीच्या तशी उतरवू नका, आणि मोबाईलवर फोटो तर मुळीच काढू नका. ती कंपनीची मालमत्ता आहे. तुम्ही जे समजून घेतलं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा, ते तुमचं.

पायरी सातवी: एकाच टेबलावर अडकलात तर

अडकाल. लाइनला माणूस कमी असतो, ॲप्रेंटिस हाताशी असतो, सुपरवायझरवर आकड्यांचा दबाव असतो. त्यात तुमच्याशी कुणाचं वैर नसतं. पण गप्प बसलात तर वर्ष तिथेच जाईल. माझ्या बॅचचा एक मुलगा अकरा महिने एकाच ड्रिलिंग मशीनवर उभा होता.

आधी तोंडी विचारा. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर आलं. मग मला कळलं की दर तीन महिन्यांनी ॲप्रेंटिसच्या प्रगतीची नोंद कंपनीला बोर्डाकडे द्यावी लागते. ती नोंद भरायची वेळ हीच मागणी करायची वेळ. मी करार छापून घेतला, वही घेतली आणि ट्रेनिंग बघणाऱ्या साहेबांकडे गेले.

“सर, तीन महिन्यांची नोंद भरायची आहे ना? त्यात मी काय शिकले म्हणून लिहायचं, ते तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं.”

त्यांनी वही मागितली. उभ्या उभ्या चाळायला लागले, मग खुर्चीवर बसून वाचली. एका पानावर थांबून म्हणाले, “हे गंजाचं तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, कुणी नाही सर, मीच शोधलं. त्यांनी क्वालिटीच्या साहेबांना फोन लावला. त्याच आठवड्यात शुक्रवारपासून मी क्वालिटीला गेले, आणि पुढे टूल रूम, मेंटेनन्स आणि प्लॅनिंग असं फिरले. भांडण नाही, अर्ज नाही, तक्रार नाही.

पण समजा याचाही उपयोग झाला नाही, तर एचआरला ईमेल करा, सौम्य भाषेत, करारातलं कामाचं क्षेत्र नमूद करून. त्यानंतरचा दरवाजा बोर्डाचा. लेखी ठेवलेली गोष्ट टिकते.

पायरी आठवी: चूक झाली की त्याच मिनिटाला सांगा

क्वालिटीतला माझा दुसरा आठवडा. वीस मिलीमीटर व्यासाचे शाफ्ट तपासत होते. टॉलरन्स अशी की माप १९.९७९ ते २०.००० च्या मध्ये यायला हवं. माझ्या डिजिटल मायक्रोमीटरवर २०.००४, २०.००६, २०.००३ असे आकडे यायला लागले. मी एकशे वीस नग लाल ट्रेमध्ये टाकले. बाहेर डिस्पॅचची गाडी उभी होती.

ग्राइंडिंगचे काका आले. त्यांनी एकही शाफ्ट उचलला नाही. माझा मायक्रोमीटर उचलला.

“पुसलास का गं?”

मी सकाळी पुसला होता. त्यांनी खिशातून पांढऱ्या कागदाचा तुकडा काढला, दोन जबड्यांमध्ये धरला, रॅचेट हलकेच फिरवून कागद ओढून काढला. कागदावर करड्या तेलाची एक रेघ उमटली. मग रिकामे जबडे मिटवले, शून्य आलं. तोच शाफ्ट धरला: १९.९९७. तेलात मिसळलेल्या ग्राइंडिंगच्या बारीक गाळानं सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) फसवणूक केली होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. काका म्हणाले, “आता पळत जा आणि साहेबांना सांग. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी तू सांग.”

मी सांगितलं. एकशे वीस नग पुन्हा तपासले, गाडी पाऊण तास उशिरा सुटली. साहेब चिडले, पण मला तिथून हलवलं नाही. पुढे काकांनी आणखी एक शिकवलं: ग्राइंडिंगवरून नुकताच आलेला, हाताला गरम लागणारा नग मोजायचा नाही. मापं २० अंश तापमानाला धरून दिलेली असतात. पोलाद वीस अंशांनी जास्त गरम असेल, तर वीस मिलीमीटरचा व्यास चार-पाच मायक्रॉननं फुगतो. एकवीस मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये हा जवळजवळ पाव हिस्सा झाला. थर्मल एक्स्पान्शनचं सूत्र मी परीक्षेत तीनदा लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तेव्हा प्रत्येक पाच-दहा नगांनंतर जबडे पुसा, शून्य बघा, आणि निकाल विचित्र आले तर नगाआधी उपकरणावर संशय घ्या.

पायरी नववी: शेवटचे दोन महिने

दहाव्या महिन्यात ठरवा: थांबायचं, दुसरीकडे जायचं, की डिग्रीला प्रवेश घ्यायचा. डायरेक्ट सेकंड इयरची प्रवेशप्रक्रिया सीईटी सेलकडून उन्हाळ्यानंतर सुरू होते आणि कागदपत्रांच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. कंपनीत जागा आहेत का, हे एचआरला सरळ विचारा. ‘बघू’ हे उत्तर आलं, तर बाहेर अर्ज टाकायला लागा.

मधेच सोडून जायचा विचार असेल तर थोडं थांबा. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय बोर्डाचं प्रवीणतेचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते प्रमाणपत्र देशभरातल्या रोजगार कार्यालयांत एका वर्षाचा अनुभव म्हणून नोंदवता येतं. शिवाय एकदा हे वर्ष वाया घालवलं की ते परत मिळवणं कठीण असतं.

शेवटच्या आठवड्यात एवढं करून घ्या: कंपनीकडून पोर्टलवर पूर्णत्वाची नोंद, अनुभवाचं पत्र (कुठल्या विभागात किती महिने, हे त्यात लिहून मागा, नुसतं ‘काम केलं’ नको), शेवटच्या महिन्याच्या स्टायपेंडची तारीख, ओळखपत्र आणि शूज परत केल्याची पोच. प्रमाणपत्र आल्यावर स्पेलिंग त्याच दिवशी तपासा.

मुलाखतीला जाताना वही सोबत न्या. मला भोसरीतल्या मुलाखतीत विचारलं, “शाफ्टचं माप वरच्या मर्यादेबाहेर येतंय, काय कराल?” मी म्हटलं, आधी मायक्रोमीटर पुसून शून्य बघेन, मग नग गार आहे का ते बघेन, मग पुन्हा मोजेन. समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे कुणी शिकवलं?” मी काकांचं नाव सांगितलं. ते त्यांना ओळखत होते. सोमवारी रुजू व्हायचं पत्र आलं.